नौकावेगमापक

पाण्यावरून जाणाऱ्या नौकेचा वेग दर्शविणाऱ्या उपकरणास नौकावेगमापक म्हणतात. जमिनीवरील वाहनाचा वेग त्याच्या चाकाच्या फेऱ्यांवरून काढता येतो, कारण चाक व रस्ता यांमध्ये सामान्यतः घसरण नसते. नौकेला असा स्थिर आधार लाभत नाही. तिच्या खालचे पाणी स्वतःच वाहत असते. पाणी मागे रेटणारा मळसूत्री पंखा पाण्यात काही प्रमाणात घसरतो. वारा व लाटा तिला मार्गावरून बाजूला लोटतात. त्यामुळे नौकेचा वेग कशाच्या सापेक्ष मोजावयाचा, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. सभोवतालच्या पाण्याच्या सापेक्ष असलेल्या वेगाला जलसापेक्ष वेग आणि समुद्राच्या किंवा जलाशयाच्या तळाच्या सापेक्ष असलेल्या वेगाला भूसापेक्ष वेग म्हणतात. ताशी ३ किमी. वेगाने वाहणाऱ्या नदीत प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या नौकेचा जलसापेक्ष वेग ताशी ४० किमी. असेल, तर काठावरील निरीक्षकाला ती ताशी ४३ किमी. वेगाने जाताना दिसते. उलट दिशेने जाताना हाच वेग ताशी ३७ किमी. भरतो.

सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात आलेली बहुतेक सर्व साधने जलसापेक्ष वेगच दाखवीत. भूसापेक्ष वेग अखंडपणे व कोणत्याही जलाशयात वाचता येणे, हे कृत्रिम उपग्रहांमुळे शक्य झाले. हा बदल महासागरी जहाजांइतकाच लहान, वेगवान नौकांच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरला. पाण्यावरील स्कीइंग या क्रीडाप्रकारात खेळाडूला दोराने ओढणाऱ्या स्कीनौकेमध्ये तर वेगातील थोड्याशा चुकीनेही खेळाचा निकाल बदलू शकतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत वेगमापनाचा सर्वसाधारण इतिहास देऊन स्कीनौकेच्या वेगमापकाचा विशेष विचार केला आहे.

आद्य पद्धती : प्राचीन व मध्ययुगीन नाविक वेगाचा अंदाज बहुधा डोळ्यांनीच करीत. नौकेच्या कडेने मागे जाणारा फेस, शिडावरील वाऱ्याचा ताण व अनुभव हीच त्यांची साधने होत. हिंदी महासागरात अरब नाखवे अंतर ‘झाम’ या एककात सांगत. एक झाम म्हणजे तीन तासांच्या प्रवासात कापले जाणारे अंतर. हा काळ आपल्याकडील एका प्रहराएवढाच आहे. म्हणजे येथे वेग मोजून अंतर काढण्याऐवजी सर्वसाधारण वेग गृहीत धरून काळालाच अंतराचे माप मानले जाई.

इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस यांनी आपल्या ग्रंथात एका यंत्राचे वर्णन केले आहे. नौकेच्या बाजूंस बसविलेली पाण्याची चाके फिरली की, दंतचक्रांच्या साहाय्याने ठराविक अंतरागणिक एक खडा भांड्यात पडावा, अशी त्याची रचना होती. याहून साधी व दीर्घकाळ टिकलेली पद्धत म्हणजे नाळेपाशी (नौकेच्या पुढील टोकाशी) लाकडाचा तुकडा पाण्यात टाकून तो पिछाडीपर्यंत येण्यास लागणारा वेळ मोजणे. नौकेची लांबी ३० मी. असून तुकड्याला ६ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ५ मी., म्हणजे ताशी १८ किमी. होतो.

दोर व गाठी : तुकड्याला दोर बांधून तो पिछाडीवरून सोडण्याच्या पद्धतीचे वर्णन विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ मध्ये केले. या साधनात वर्तुळपादाच्या आकाराची लाकडी फळी असे. तिच्या वक्र कडेला शिसे बसविलेले असल्याने ती पाण्यात उभी राही व जवळजवळ एका जागी स्थिर होई. नौका पुढे जाताना फिरकीवरील दोर उलगडत जाई. दोराला ठराविक अंतरांवर गाठी मारलेल्या असत व वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या, ते मोजले जाई. सागरी वेगाच्या ‘नॉट’ (गाठ) या एककाचे नाव यावरूनच पडले. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. १९२९ मध्ये मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेत सागरी मैलाचे मूल्य १,८५२ मी. ठरविण्यात आले.

गाठींमधील अंतर किती असावे, हा वाद मापनाच्या इतिहासात उद्‌बोधक ठरला आहे. आरंभीचे नाविक सागरी मैल ५,००० फूट धरीत व ३० सेकंदांच्या घड्याळासाठी गाठी ४२ फुटांवर मारीत. १६३३–३५ या काळात रिचर्ड नॉरवुड यांनी लंडन व यॉर्क यांमधील अंतर व अक्षांशांतील फरक मोजून एका अंशाची लांबी ३,६७,१९६ फूट काढली. त्यानुसार सागरी मैल सु. ६,१२० फुटांचा येत होता आणि ३० सेकंदांस ५१ फुटांचे अंतर आवश्यक होते. जुन्या दोराने मोजलेला वेग प्रत्यक्षाहून अधिक भरे. तथापि अनेक नाविकांनी जुनीच गाठ कायम ठेवली. कारण जहाज आहे त्याहून पुढे गेले असे समजल्यास किनारा अपेक्षेपेक्षा उशिरा येतो. मागे आहे असे समजल्यास तो अनपेक्षितपणे समोर येतो व जहाज आपटते. चुकीचे माप सुरक्षित वाटत असेल, तर अचूक माप स्वीकारण्यास माणूस सहजी तयार होत नाही, याचे हे एक जुने उदाहरण होय. पुढे २८ सेकंदांचे घड्याळ व ४७ फूट ३ इंच हे अंतर रूढ झाले. ते आधुनिक मूल्याच्या अगदी जवळ आहे.

यांत्रिक साधने : १८०२ मध्ये इंग्लंडमधील एडवर्ड मॅसी यांनी पाण्यातून ओढत नेलेल्या पंखयुक्त फिरकीच्या फेऱ्या मोजणारे साधन पुढे आणले. त्यात टॉमस वॉकर यांनी १८६१ मध्ये सुधारणा केल्या व पुढे मोजणीची तबकडी जहाजाच्या कठड्यावरच बसविण्यात आली. त्यामुळे वाचनासाठी फिरकी वर ओढण्याचे कारण उरले नाही. बाष्पजहाजांच्या काळात मळसूत्री पंख्याच्या फेऱ्यांवरून वेग काढण्याची पद्धतही रूढ झाली.

या पद्धतीवर विसंबण्याचा धोका ८ सप्टेंबर १९२३ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसून आला. सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोकडे जाणाऱ्या अमेरिकी विनाशिकांच्या ताफ्याने पंख्याच्या फेऱ्यांवरून काढलेला सु. २० नॉट वेग गृहीत धरून आपले स्थान निश्चित केले. प्रत्यक्षात ताफा तेवढा पुढे गेलेला नव्हता. किनाऱ्यावरील रेडिओ केंद्राने कळविलेले दिशामापन ताफ्याच्या प्रमुखांना विश्वसनीय वाटले नाही. धुक्यात वळण घेतल्यावर होंडा पॉइंट येथील खडकांवर सात विनाशिका आपटून नष्ट झाल्या व २३ नाविक मृत्युमुखी पडले. पंख्याच्या फेऱ्यांची मोजणी चुकलेली नसली, तरी तेवढ्यावरून भूसापेक्ष वेग कळत नव्हता.

वेगमापनाच्या इतर तत्त्वांचाही यासाठी उपयोग करण्यात आला. विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावल्यानंतर मायकेल फॅराडे यांनी १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदीच्या प्रवाहामुळे निर्माण होणारा विद्युत् दाब मोजण्याचा प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही. मात्र त्याच तत्त्वावर विसाव्या शतकात जहाजांसाठी विद्युत् चुंबकीय वेगमापक तयार झाले. ध्वनितरंग समुद्रतळाकडे सोडून परावर्तित तरंगांच्या कंप्रतेतील बदलावरून वेग काढणारी साधनेही प्रचारात आली [→ डॉप्लर परिणाम]. उथळ पाण्यात ती भूसापेक्ष वेग देऊ शकतात. तथापि ती महाग व अवजड असल्याने लहान नौकांना उपयोगी पडली नाहीत.

पिटो नळी : लहान वेगवान नौकांचे प्रमुख साधन मात्र अठराव्या शतकातील एका शोधातून आले. आंरी पीतो (१६९५–१७७१) या फ्रेंच अभियंत्यांनी सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी काटकोनात वाकविलेली काचेची नळी वापरली व १७३२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तिचे विवरण केले. वाहत्या पाण्याचा आणि जहाजांच्या गतीचा वेग मोजणारे यंत्र, अशीच त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात तिची ओळख करून दिली होती. म्हणजे नौकेचा वेग मोजणे हा या नळीचा नंतर सुचलेला उपयोग नसून मूळ उद्दिष्टांपैकी एक होते.

नळीचे तोंड प्रवाहाच्या समोर धरले असता आत शिरू पाहणारे पाणी थांबते व त्याच्या गतीचे दाबात रूपांतर होते. हा दाब पाण्याच्या घनतेच्या निम्म्यास वेगाच्या वर्गाने गुणून मिळतो. नौकेच्या तळाशी, पिछाडीच्या फळीवर किंवा सुकाणूवर अशी बारीक नळी बसवून ती लवचिक नलिकेने चालकासमोरील दाबमापकाला जोडतात. युजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये एकस्वित (पेटंट) केलेली वक्र धातुनळी हा या दाबमापकाचा मुख्य भाग असतो. दाब वाढला की वक्रनळी उलगडू पाहते व तिला जोडलेला काटा फिरतो. तबकडीवर दाबाऐवजी वेगाचे आकडे छापलेले असतात. विजेची गरज नसलेले, स्वस्त व सहज बसविता येणारे हे साधन दुसऱ्या महायुद्धानंतर क्रीडानौकांवर सर्वत्र दिसू लागले.

त्याचे दोष त्याच्या तत्त्वातच आहेत. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ताशी १० किमी. वेगाला नळीतील दाब दर चौ. सेंमी. ला सु. ०.०४ किग्रॅ. एवढाच असतो, तर ताशी ५८ किमी. वेगाला तो सु. १.३ किग्रॅ. होतो. वेग सु. सहापट झाला की दाब सु. चौतीसपट होतो. ताशी ५८ वरून ५९ किमी. कडे जाताना वाढणारा दाबसुद्धा ताशी १० किमी. च्या एकूण दाबापेक्षा अधिक असतो. एकाच काट्याला या दोन्ही टोकांवर विश्वासार्ह करणे कठीण जाते. त्यामुळे मंद वेगात काटा बहुधा शून्याजवळच रेंगाळतो.

दुसरा दोष बाह्य कारणांचा आहे. नळीचे छिद्र बारीक असल्याने वाळू, शेवाळ वा गवताची काडी अडकली की काटा खाली येतो किंवा जेथे असेल तेथेच थांबतो. नलिकेच्या जोडातून हवा गळल्यास वेग कमी दिसतो. नलिकेत पाणी चढून राहिल्यास त्याच्या स्तंभाचा भार मोजमापात मिसळतो. अर्धा मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब दर चौ. सेंमी. ला सु. ०.०५ किग्रॅ. असतो व मंद वेगाचे वाचन पुसून टाकण्यास तो पुरेसा आहे. नौका वेगात आली की तिची नाळ वर उचलली जाते, मग ती पाण्याच्या पृष्ठावर सपाट होते. या फरकाने नळीवर येणाऱ्या प्रवाहाची दिशा बदलते. वळणावर किंवा तळाखाली हवेचे बुडबुडे आल्यास वाचन आणखी अस्थिर होते. नळीऐवजी तळाला लहान जलचक्र बसवून त्यातील चुंबकामुळे मिळणारे विद्युत् स्पंद मोजणारी साधनेही निघाली. मंद वेगाला ती अधिक उपयोगी असली, तरी कचरा अडकणे व शेवाळ धरणे हे दोष त्यांतही राहिले.

स्कीनौका व वेगाचे महत्त्व : पाण्यावरील स्कीइंगचा प्रारंभ सामान्यतः रॅल्फ सॅम्युएलसन या अमेरिकी तरुणापासून मानला जातो. १९२२ च्या उन्हाळ्यात मिनेसोटा राज्यातील पेपिन सरोवरावर त्याने लाकडी फळ्या पायांना बांधून मोटारनौकेमागे उभे राहण्याचा यशस्वी प्रयोग केला. १९३९ मध्ये अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधील झ्वां-ले-पँ येथे भरली. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून त्याला स्थान मिळाले.

या खेळातील ‘स्लॅलम’ या प्रकारात वेगाचे माप निर्णायक असते. नौका तरंगत्या बोयांच्या दोन ओळींमधून सरळ रेषेत जाते व तिच्यामागील खेळाडूला मध्यरेषेपासून ११.५ मी. अंतरावर आळीपाळीने दोन्ही बाजूंस असलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालावा लागतो. धावपट्टीची लांबी २५९ मी. असते. खुल्या गटात पुरुषांसाठी नौकेचा कमाल वेग ताशी ५८ किमी. व स्त्रियांसाठी ताशी ५५ किमी. ठरविलेला आहे. प्रत्येक यशस्वी फेरीनंतर वेग वाढवितात आणि कमाल वेग गाठल्यावर दोर टप्प्याटप्प्याने आखूड करतात. १८.२५ मी. पासून आरंभ होऊन तो ९.७५ मी. पर्यंत व त्याहीपेक्षा आखूड होतो. अशा वेळी दोराची लांबी बोयाच्या अंतरापेक्षाही कमी असते व खेळाडूला शरीर पूर्णपणे ताणूनच बोया गाठावा लागतो.

ताशी ५८ किमी. वेगाने २५९ मी. अंतरास १६.०८ सेकंद लागतात. वेग ताशी ५७ किमी. असेल, तर १६.३६ व ५९ असेल, तर १५.८० सेकंद लागतात. म्हणजे ताशी एक किमी. च्या फरकाने सु. ०.२८ सेकंद कमी-अधिक होतात. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंतच्या ४१ मी. अंतरासाठी सु. अडीच सेकंदच उपलब्ध असतात व गुणांकन बोयाच्या अंशांतही केले जाते. हे लक्षात घेता हा फरक किरकोळ म्हणता येत नाही. मंद नौकेमागे झालेला विक्रम व योग्य वेगाच्या नौकेमागे झालेला विक्रम यांची तुलना न्याय्य ठरत नाही. उलट वेग अधिक ठेवला गेल्यास खेळाडूच्या वर्षभराच्या परिश्रमाला अकारण मुकावे लागते आणि पडण्याचा व इजेचा धोकाही वाढतो.

या कारणाने स्पर्धेच्या नौकांत एकाऐवजी दोन पिटो वेगमापक, प्रत्येकाची नळी स्वतंत्र ठेवून, बसविण्याची प्रथा पडली. एक नळी बंद पडली तर दुसरी उपयोगी पडावी, हा हेतू होता. मात्र दोन्ही काटे भिन्न वेग दाखवू लागले म्हणजे त्यांतील खरा कोणता, हे त्यांच्यावरून कळत नसे. म्हणून अंतिम निर्णय विरामघड्याळाचा असे. धावपट्टीच्या प्रवेशापासून निर्गमापर्यंतचा काळ मोजून तो नियमातील कोष्टकाशी ताडला जाई. पुढे बोयांखाली ठेवलेल्या चुंबकांच्या साहाय्याने काळमापन स्वयंचलित झाले. तथापि ही तपासणी फेरी संपल्यावरच होई. फेरी चालू असताना चालकाला काट्याकडे पाहून, एंजिनाचा आवाज ऐकून व खेळाडूच्या ओढीचा अंदाज घेऊनच थ्रॉटल हलवावा लागे. खेळाडू बाजूला झेपावताच नौकेला मागे खेच बसते व वेग क्षणभर घटतो. ही घट काट्यावर दिसेपर्यंत पुढचा बोया आलेला असे. १९९० नंतरच्या दशकात एंजिनाच्या फेऱ्या किंवा जलचक्राचे स्पंद वाचून थ्रॉटल आपोआप हलविणारे संगणकीय नियंत्रक आले. हाताचे काम यंत्राने केले, पण वारा, प्रवाह, पाण्याचे तापमान व नौकेतील वजन यांनुसार त्यांचे अंक वारंवार जुळवावे लागत.

उपग्रहाधारित वेगमापन : ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या स्पुटनिक उपग्रहाच्या रेडिओ संदेशांच्या कंप्रतेत होणारा बदल अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी अभ्यासला. त्यातून ‘ट्रान्झिट’ ही नौकानयनासाठीची पहिली उपग्रहप्रणाली निर्माण झाली. १९६४ पासून नौदलाला व १९६७ पासून नागरी जहाजांना तिचा लाभ मिळू लागला. मात्र तिच्याकडून स्थान मिळविताना जहाजाचा स्वतःचा वेग आधी ठाऊक असावा लागे; त्यात चूक असल्यास स्थानही चुके. ती वेगमापकाची जागा घेऊ शकत नव्हती, उलट त्याच्यावरच अवलंबून होती.

हे परावलंबन जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीने (जीपीएस) संपविले. तिची योजना १९७३ मध्ये मान्य झाली व पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडण्यात आला. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएट हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले जाऊन २६९ जण ठार झाल्यावर ही प्रणाली नागरी वापरास खुली ठेवण्याचे अमेरिकेने जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. तरीही नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेल्या दोषामुळे स्थानात सु. १०० मी. पर्यंत चूक येई व वेगाचे वाचनही डळमळे. हा दोष मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आला. त्यानंतरच लहान नौकांवर तिचा वेगमापक म्हणून वापर झपाट्याने वाढला.

या प्रणालीचे उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. ग्राहकाला किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की, स्थानाचे तीन निर्देशक व घड्याळातील चूक ही चार अज्ञाते काढता येतात. वेग काढण्याचा एक मार्ग म्हणजे लागोपाठच्या दोन स्थानांमधील अंतरास काळाने भागणे. परंतु स्थानातील काही मीटरांची चूक त्यात उतरते. म्हणून चांगले ग्राहक डॉप्लर परिणामाचा आधार घेतात. नागरी संदेशाची मुख्य कंप्रता १,५७५.४२ मेगॅहर्ट्‌झ असून तरंगलांबी सु. १९ सेंमी. आहे. नौका ताशी ५८ किमी. वेगाने संदेशाच्या दिशेत गेल्यास कंप्रतेत सु. ८५ हर्ट्‌झचा फरक पडतो. उपग्रहांची स्वतःची गती अचूक ज्ञात असल्याने ती वजा करून नौकेची गती मिळते. उघड्या आकाशाखाली, स्थिर वेगाने जाताना या वेगातील चूक ताशी काही दशांश किमी. पेक्षा सहसा अधिक नसते.

जुन्या नौकेतील बदल : पिटो नळीचा वेगमापक काढून उपग्रहाधारित वेगमापक बसविणे यांत्रिक दृष्ट्या सोपे आहे. जुना दाबमापक विद्युत् संदेश वाचू शकत नसल्याने तो पूर्णपणे बदलावा लागतो. नवीन तबकडी बहुधा सु. ८.५ सेंमी. व्यासाच्या प्रचलित छिद्रातच बसते व तिला नौकेच्या १२ व्होल्टच्या घटमालेतून वीज मिळते. जलचक्रावर चालणारी विजेची तबकडी असल्यास जलचक्रासारखेच स्पंद देणारा उपग्रह-ग्राहक तिला जोडता येतो. आकाशक (अँटेना) आकाशाकडे तोंड करून बसवितात. काचतंतूंच्या पत्र्याखालीही तो काम करतो, परंतु धातूच्या कमानीखाली किंवा छपराखाली संदेश अडतात. जुन्या नळीचे पाण्याखालील छिद्र मात्र जलाभेद्य रीतीने बुजवावे लागते. या कामातील हयगय वेगमापकाच्या कोणत्याही दोषापेक्षा घातक ठरू शकते.

अंशन (प्रमाणित वेगाशी ताडून मापनपट्टी जुळविणे) हे जुन्या साधनांचे नित्याचे काम होते. त्यासाठी ज्ञात लांबीच्या पट्ट्यावर दोन्ही दिशांनी फेऱ्या करीत. क्लाइड नदीमुखाजवळील स्केलमॉर्ली येथे जहाजांच्या चाचणीसाठी असा मोजलेला सागरी मैल १८६६ पासून होता. दोन्ही दिशांच्या वेगांची सरासरी घेतल्यास प्रवाहाचा परिणाम नाहीसा होतो. दोन्ही फेऱ्यांच्या काळांची सरासरी घेऊन वेग काढणे मात्र चूक होय. वर दिलेल्या उदाहरणात वेगांची सरासरी ताशी ४० किमी. येते, तर काळांच्या सरासरीवरून ती सु. ३९.८ किमी. येते. उपग्रहाधारित साधनाला असे अंशन लागत नाही. उलट जुना वेगमापक त्याच्याशीच ताडून पाहिला जातो.

नव्या साधनाला मर्यादाही आहेत. सेकंदाला एकदाच वेग काढणाऱ्या ग्राहकाचे वाचन एक सेकंद मागे असेल, तर ताशी ५८ किमी. वेगाने नौका तेवढ्यात सु. १६ मी. पुढे गेलेली असते. म्हणून स्कीनौकेसाठी सेकंदाला अनेक वेळा मापन करणारे ग्राहक लागतात आणि स्वयंचलित नियंत्रकांत क्षणिक बदल टिपण्यासाठी त्वरणमापकाचीही जोड देतात. अशा नियंत्रकांचा वापर २००० नंतरच्या दशकात मोठ्या स्पर्धांत सुरू झाला. पुलाखाली, दाट झाडीच्या काठालगत किंवा उंच कड्यांमध्ये संदेश क्षीण होतात. वीज खंडित झाल्यास साधन निरुपयोगी होते.

कोणता वेग खरा : वेगाच्या वाचनात जुने व नवे साधन यांत फरक पडला की, जुने बिघडले असे मानण्याची प्रवृत्ती असते. पाणी स्थिर असेल, तर ते बहुधा खरेही असते. पाणी वाहते असल्यास मात्र दोन्ही साधने निर्दोष असूनही भिन्न वेग दाखवितात, कारण ती भिन्न राशी मोजतात. स्लॅलमचे बोये तळाशी नांगरलेले असतात. त्यांच्यामधील अंतर कापण्याचा काळ भूसापेक्ष वेगावरच ठरतो. म्हणून तेथे उपग्रहाचे वाचन केवळ अधिक सूक्ष्म नसून नियमाला हव्या असलेल्याच राशीचे आहे. खेळाडूच्या फळीला पाण्यावर तोलून धरणारी उद्धारक प्रेरणा, नौकेला होणारा रोध व सुकाणूची पकड या गोष्टी मात्र जलसापेक्ष वेगावर अवलंबून असतात. प्रवाहाविरुद्ध जाताना ताशी ५८ किमी. भूसापेक्ष वेग राखल्यास खेळाडूला पाणी अधिक कठीण व नौकेची ओढ अधिक जोराची वाटते, याचे कारण हेच होय. पिटो नळीने हा फरक आपोआप टिपला असता. उपग्रहाला तो कळत नाही.

महासागरी जहाजांच्या बाबतीत ही दुहेरी गरज आंतरराष्ट्रीय नियमांनीही मान्य केली आहे. समुद्रावरील जीवितरक्षणविषयक कराराच्या जुलै २००२ पासून अंमलात आलेल्या पाचव्या प्रकरणानुसार ३०० टन व त्याहून अधिक स्थूल टनभाराच्या जहाजांवर जलसापेक्ष वेग दाखविणारे साधन आवश्यक आहे. ५०,००० टन व त्याहून मोठ्या जहाजांना याखेरीज भूसापेक्ष वेग पुढील व आडव्या अशा दोन्ही दिशांनी दाखविणारे साधनही ठेवावे लागते. कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकांवरही उपग्रह-ग्राहक आता नित्याचा झाला आहे. बंदर किती वेळात गाठता येईल, हे तांडेल त्यावरून पाहतो. पण ओहोटीचा जोर किती आहे, हे त्याला त्या आकड्याची पाण्यातील गतीशी तुलना करूनच कळते. अमेरिकी प्रणालीबरोबरच रशियाची ग्लोनास, यूरोपची गॅलिलिओ, चीनची बेईडू व जुलै २०१३ मध्ये पहिला उपग्रह सोडलेली भारताची नाविक या प्रणालींचे संदेशही आजचे अनेक ग्राहक घेऊ शकतात. त्यामुळे एखादी प्रणाली अनुपलब्ध झाली तरी मापन खंडित होत नाही.

गाठींच्या दोरापासून उपग्रहापर्यंतच्या या वाटचालीत प्रत्येक नव्या साधनाने जुन्याचा एखादा दोष दूर केला आणि स्वतःची मर्यादा सोबत आणली. नॉरवुड यांच्या काळातील नाविकांनी चुकीची गाठ जाणूनबुजून ठेवली, तर होंडा पॉइंटच्या ताफ्याने योग्य आकड्याचा चुकीचा अर्थ केला. साधन विश्वसनीय असणे जितके आवश्यक, तितकेच ते कोणता वेग दाखविते हे चालकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. त्यामुळे उपग्रहाधारित वेगमापक बसविल्यावरही काही स्कीनौकांत पिटो नळी कायम ठेवली जाते व स्थिर पाण्यात दोन्ही वाचने जुळतात की नाही, हे पाहून दोहोंची परस्पर तपासणी केली जाते.